जळगाव एमआयडीसीत युनियन काढली तर मॅनेजर कसे वागतात?

मॅनेजर मालकाच्या नात्यातला असेल, तर तो ते मनाला लावून घेतो. "पोरीच्या लग्नाला उचल दिली, अन् आता झेंडा?" डाळ मिल, चटईच्या कारखान्यांत हा प्रकार दिसतो. ओरडतो, पण निदान मनातलं कळतं.

एचआरवाला जास्त अवघड. चहा पाजतो, 'आपण एक कुटुंब' म्हणतो आणि पुढारीपण करणाऱ्याची पाळी बदलतो, हळूहळू ठेकेदाराची माणसं भरतो.

युनियनशी आधी करार केलेले जुने मॅनेजर मात्र तिला फारसे घाबरत नाहीत. शंभर जणांपेक्षा पाच जणांशी बोलणं त्यांना सोपं.

नोंदणीला किमान 7 सभासद लागतात, शिवाय एकूण कामगारांच्या 10 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी ते. युनियनमध्ये गेला म्हणून काढणं ही अनुचित कामगार प्रथा ठरते. तरी अर्ज जाईपर्यंत सह्यांची यादी कुणाला दाखवू नका.