शाखा काढण्याआधी तीन घरं शोधा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डेन्व्हरमध्ये चार वर्षं तुम्ही बेघर माजी सैनिकांना आणि त्यांच्या कुत्र्या-मांजरांना मदत करताय. आता फीनिक्स, ओमाहा आणि सॅन अँटोनियोहून लोक विचारताहेत, तुमच्या नावाने आमच्याकडे शाखा काढू का? हो म्हटलं तर पसारा आवरणार नाही, नाही म्हटलं तर त्यांचा उत्साह मावळेल, ही तुमची भीती अगदी खरी आहे. मी कॅन्सस सिटीत अकरा वर्षं हेच काम करतोय. त्यातली सहा वर्षं शाखा उभ्या करण्यात गेली, आणि एक शाखा आम्हाला बंदही करावी लागली. माझा सल्ला एवढाच की हो म्हणा, पण नाव लगेच देऊ नका. (इथे अमेरिकेत माजी सैनिकही ‘व्हेट’ आणि प्राण्यांचा डॉक्टरही ‘व्हेट’, म्हणून मी सरळ माजी सैनिक आणि पशुवैद्य असंच लिहितो.)

बंद केलेल्या शाखेबद्दल आधी सांगतो. माणसं फार चांगली होती. दोन महिन्यांत त्यांनी गॅरेजभर डॉग फूड जमवलं, फेसबुक पेज काढलं, टी-शर्ट छापले. पण प्राणी तात्पुरता सांभाळणारं एकही घर त्यांनी शोधलं नव्हतं. एका माजी सैनिकाला अचानक दवाखान्यात दाखल करावं लागलं आणि त्याचा कुत्रा ठेवायला कुणीच मिळालं नाही. शेवटी तो प्राण्यांच्या शेल्टरमध्ये गेला. मालक तीन आठवड्यांनी बाहेर आला तोवर कुत्रा दुसऱ्या कुटुंबाने रीतसर दत्तक नेला होता. कायद्याने कुणाचंच काही चुकलं नव्हतं. त्या माणसाला ही बातमी मी स्वतः सांगितली. गॅरेजमध्ये तेव्हाही डॉग फूडच्या चाळीसेक पिशव्या पडून होत्या.

म्हणून मी शाखेची व्याख्याच बदलली. प्राणी ठेवून घेणारी तीन घरं, त्या राज्याचा परवाना असलेला एक पशुवैद्य आणि फोन उचलणारा एक समाजसेवक, एवढं जमलं की शाखा झाली. खाऊ, पट्टे, थंडीचे कोट हे सगळं मागाहून येतं, आणि लोक ते आनंदाने देतात.

हे का, तर माजी सैनिकांसाठी सरकारी व्यवस्था इतर बेघरांच्या मानाने बरीच चांगली आहे. हड-व्हॅश या सरकारी योजनेतून घरभाड्याचं व्हाउचर आणि व्हीएचा, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचा, केस मॅनेजर मिळतो; एसएसव्हीएफ ही दुसरी योजना घर टिकवायला मदत करते. २०१० च्या देशभरच्या मोजणीत बेघर माजी सैनिक चौऱ्याहत्तर हजारांच्या वर होते, जानेवारी २०२४ मध्ये ते ३२,८८२ वर आले. ह्यूस्टन आणि न्यू ऑर्लिन्सने तर २०१५ मध्येच दाखवून दिलं की यंत्रणा एकत्र आल्या तर हा प्रश्न आटोक्यात येतो. तेव्हा ते काम आपण पुन्हा करायला जाऊ नये. यंत्रणेच्या हातून सुटतो तो मुका जीव. बेघरांचं शेल्टर म्हणतं कुत्रा चालणार नाही, व्यसनमुक्तीचा वॉर्ड म्हणतो कुत्रा चालणार नाही, आणि माणूस म्हणतो मग मीही येत नाही.

आमच्याकडे व्हिएतनामला जाऊन आलेले एक आजोबा पिकअप ट्रकमध्ये राहायचे. शस्त्रक्रियेला त्यांनी तीन वेळा नकार दिला होता. कारण विचारलं तर नुसतं मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथे डेझी झोपली होती. त्यांनी एक झिपलॉकची पिशवी काढली. आत दोनच कागद, त्यांचा सैन्यातून मुक्ततेचा डीडी-२१४ आणि डेझीचा रेबीजच्या लसीचा दाखला. आमच्या एका निवृत्त शिक्षिकेने डेझीला पाच आठवडे घरी ठेवलं आणि रोज संध्याकाळी तिचा फोटो आजोबांना पाठवला. शस्त्रक्रिया झाली, पुढे व्हाउचरवर घरही मिळालं. आमचा खर्च म्हणाल तर घरमालकाने मागितलेलं कुत्र्याचं डिपॉझिट आणि थोडी औषधं.

सांभाळणाऱ्या घराशी करार मात्र लेखी हवा, यात भीड ठेवू नका. प्राणी मालकाचाच राहील, किती दिवस ठेवायचा, मालकाशी संपर्क झाला नाही तर उपचाराचा निर्णय कोण घेईल, हे सगळं त्यात स्पष्ट लिहा. मायक्रोचिप मालकाच्या नावावर आणि दुसरा संपर्क संस्थेचा. त्या दत्तक गेलेल्या कुत्र्याच्या अंगात चिप नव्हती, ही चूक आमचीच.

आता कायद्याचं. आमचं शहर मिसुरी आणि कॅन्सस अशा दोन राज्यांत आहे, मध्ये फक्त एक रस्ता. एकदा लसीकरणाचं शिबिर रस्त्यापलीकडे ठेवलं. टेबलं मांडून झाली, कुत्रे घेऊन लोक रांगेत उभे राहिले, आणि तेव्हा लक्षात आलं की आमच्या पशुवैद्यांचा परवाना अलीकडच्या राज्याचा आहे. सगळ्यांना हात जोडून परत पाठवावं लागलं. तुमच्या डेन्व्हरच्या डॉक्टर कितीही तयार असल्या तरी त्यांना ओमाहाला नेऊन इंजेक्शन द्यायला लावू नका. देणग्यांचंही तसंच आहे. साधारण चाळीस राज्यांत देणगी मागण्याआधी नोंदणी लागते, आणि वेबसाइटवरचं आवाहन हेही मागणंच.

सुरुवातीला शाखांना वेगळी संस्था करू नका. तुमचंच ५०१(सी)(३) (करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा), तुमचंच बँक खातं, तुमचाच विमा (कुत्रा चावण्याचं कलम त्यात आहे ना, ते स्वतः वाचा), आणि शाखेच्या हातात मर्यादा घातलेलं एक कार्ड. कुणाच्याही वैयक्तिक खात्यात एक डॉलरही जाता कामा नये. छोट्या स्वतंत्र संस्थेला दरवर्षी करखात्याचा ९९०-एन हा फॉर्म भरायचा असतो. वाटतो किरकोळ, पण सलग तीन वर्षं राहिला तर करसवलत आपोआप रद्द होते. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडणाऱ्या आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची वीण वेगळी आहे. १९८१ पासून गावोगावची मंडळं आपापली आहेत आणि वर एक छत्री. ते चालतं, कारण मंडळं आपल्या पायावर उभी आहेत. नवख्या शाखेला हा भार झेपत नाही.

पैसा, नाव, करार आणि नोंदी तुमच्याकडे ठेवा. बाकी सगळं त्यांच्यावर सोडा. फीनिक्सच्या उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर कुत्र्यांचे पंजे भाजतात, तिथे बूट आणि पाणी हवं. ओमाहाच्या जानेवारीत गरम कोट हवेत. हे डेन्व्हरला बसून ठरवू नये.

एक फोन फोर्ट कॉलिन्सला जरूर करा, तुमच्यापासून तासाभरावर. तिथे २०१५ मध्ये सुरू झालेली ‘स्ट्रीट डॉग कोअलिशन’ शहराशहरांत पशुवैद्यांच्या टीम बांधून बेघरांच्या प्राण्यांवर मोफत उपचार करते. ज्या शहरात त्यांची टीम आहे, तिथे तुम्ही वेगळा पशुवैद्य शोधण्याऐवजी त्यांच्याशी जोडून घ्या आणि सगळी ताकद घरं मिळवण्यावर लावा.

तिन्ही शहरांना एकदम हो म्हणू नका. तिघांनाही एकच पत्र पाठवा. सहा महिने द्या आणि तीन घरांची, पशुवैद्याची आणि समाजसेवकाची नावं मागा. सॅन अँटोनियो ही लष्कराची नगरी आहे, माझा अंदाज आहे की पहिलं उत्तर तिथूनच येईल. आमच्या कराराचा नमुना हवा असेल तर मला निरोप टाका, आज रात्रीच पाठवतो.