निअर-एक्स्ट्रीमल ब्लॅक होल: उपचरम की चरमप्राय?

प्रश्न असा आहे की 'निअर-एक्स्ट्रीमल ब्लॅक होल'ला मराठीत काय म्हणायचं, आणि विचारणाऱ्याने 'टोकाजवळचं कृष्णविवर' असं सुचवलंय. ऐकणाऱ्याला वाटेल ते आकाशगंगेच्या कुठल्यातरी टोकाला जाऊन बसलंय. (डिक्शनरी बघून 'अतिरेकी कृष्णविवर' तर कृपया नकोच.)

हे टोक जागेचं नाही, मर्यादेचं आहे. दिलेल्या वस्तुमानात विद्युतभार किंवा फिरकी किती मावेल याला कमाल मर्यादा असते, ती गाठली की हॉकिंग तापमान (कृष्णविवरातून निघणाऱ्या मंद हॉकिंग किरणांचं तापमान) शून्य, आणि ओलांडली तर समीकरणांत घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमाच, उरत नाही. म्हणून त्या मर्यादेवरचं ते 'चरम', चरमसीमा आपण म्हणतोच.

राहिला 'निअर'. 'उपचरम' हे उपांत्य फेरीसारखं कानाला बरं वाटतं, पण उपांत्य म्हणजे शेवटच्याच्या बरोब्बर एक पायरी आधी, आणि इथे पायऱ्याच नाहीत, तापमान हळूहळू शून्याकडे सरकतं. संस्कृतात यासाठी 'कल्प' प्रत्यय आहे, पाणिनीचं सूत्रच आहे 'ईषदसमाप्तौ', म्हणजे थोडंसं पुरं व्हायचं राहिलेलं, अर्थ अगदी चपखल! पण मराठीत कल्प म्हटलं की प्रकल्प नि संकल्पच आठवतात. त्यापेक्षा मृतप्राय, नष्टप्राय, अशक्यप्राय यांतला 'प्राय' तोंडात बसलेला आहे. माझं मत 'चरमप्राय कृष्णविवर'ला.

आणि या विषयाची सगळी गंमत त्या 'प्राय'मध्येच आहे. १९९१ मध्ये प्रेस्किल, विल्चेक, संदीप त्रिवेदी वगैरे पाच भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की असं कृष्णविवर फार थंड झालं की चरम अवस्थेच्या वरची शिल्लक ऊर्जा इतकी कमी उरते की हॉकिंग किरणांचा एक कण बाहेर पडला तरी तापमान पार बदलून जाईल, मग तापमान या शब्दालाच अर्थ राहत नाही. पुढे २०२० मध्ये इलिएसिऊ आणि तुरिआची या भौतिकशास्त्रज्ञांनी क्षितिजाजवळच्या लांबलचक नरड्यातले (तिथे अवकाश ताणून नळीसारखं होतं) क्वांटम चढउतार हिशोबात घेतले, तर एंट्रॉपीत (कृष्णविवराच्या शक्य क्वांटम अवस्था किती, याच्या मापात) तापमानाच्या लॉगरिदमचं पद आलं जे थंड होताना तिला खाली ओढतं, आणि सुपरसिमेट्री (मूलकणांच्या दोन प्रकारांना जोडणारी, अजून न सापडलेली सममिती) नसेल तर चरम टोकापाशी अवस्थांची घनता, म्हणजे ऊर्जेच्या छोट्याशा पट्ट्यात किती अवस्था मावतात ते, शून्याकडे जाते. आधी समजूत होती की टोकावर अशा अवस्थांचा ढीगच पडलेला असतो!

लिहिताना 'चरमप्राय' जोडूनच लिहा. उच्चारात च चंद्रातला, गुरं चरतात त्यातला नाही, आणि टाइप करताना 'चर्म' होत नाही ना तेवढं बघा, नाहीतर चामड्याचं कृष्णविवर व्हायचं.