पीडीएफ शोधून पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या की फायली कमी का भरतात?

दादरच्या सीए ऑफिसातल्या उबुंटू मशीनवर क्लायंटांच्या 400 पीडीएफ सापडतात, पण फाइंड (फायली शोधणारी कमांड) आणि तिच्या -एक्झेक पर्यायातून चालणारी सीपी (कॉपी करणारी कमांड) वापरून पेन ड्राइव्हवर जेमतेम 60 उतरतात आणि एररही दिसत नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

प्रत्येक क्लायंटच्या फोल्डरमध्ये 'जीएसटीआर-3बी.पीडीएफ' (जीएसटीचं विवरणपत्र) याच नावाची फाइल असणार. शेवटी \; लावलेलं -एक्झेक दर फाइलसाठी सीपी नव्यानं चालवतं, आणि सीपी त्याच नावाच्या आधीच्या फाइलवर मुकाट्यानं लिहून मोकळी होते. म्हणून फोल्डरांची रचनाही सोबत न्या. आधी ड्राइव्हवर बॅकअप नावाचं फोल्डर बनवा, मग क्लायंटांच्या मुख्य फोल्डरमध्ये जाऊन हे चालवा (इथे देवनागरीत लिहिलंय, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांतच टाइप करायचं):

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.पीडीएफ' -एक्झेक सीपी --प्रिझर्व्ह=टाइमस्टॅम्प्स --पेरेंट्स -टी /एमएनटी/पेन/बॅकअप {} +

--पेरेंट्समुळे 'जोशी/2024-25/जीएसटीआर-3बी.पीडीएफ' हा अख्खा मार्ग तसाच उतरतो. + च्या लगेच आधी {} (सापडलेल्या फायलींची जागा) लागतं, म्हणून ठिकाण -टी लावून आधीच सांगायचं. टाइमस्टॅम्प्स वगळलं तर सगळ्या कॉपींवर आजची तारीख पडते. मग पुढे फाइंडला -न्यूअरएमटी '2025-04-01' (या तारखेनंतर बदललेल्या फायली) लावून नव्या आर्थिक वर्षाच्या फायली वेगळ्या काढता येत नाहीत. --पेरेंट्स आणि -टी हे जीएनयू सीपीतले (उबुंटूवर असते त्या सीपीतले) पर्याय आहेत, मॅकच्या सीपीत ते नाहीत.

'*.पीडीएफ' भोवतीची अवतरणचिन्हं कधीच गाळू नका. ती नसली तर शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम) * स्वतःच उलगडून तिथे चालू फोल्डरमधल्या जुळणाऱ्या फायलींची नावं टाकतं. चालू फोल्डरमध्ये दोन पीडीएफ असतील तर निदान एरर तरी येतो. एकच असेल तर फाइंड गुपचूप फक्त त्याच नावाच्या फायली शोधतं. हे जास्त घातक.

मराठी नावांचा घोळ वेगळाच. 'दुसऱ्या तिमाहीचे.पीडीएफ' मधला ऱ्या कुणी थेट ऱ वापरून टाइप करतं, कुणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह वापरून. दोन्ही रूपं स्क्रीनवर सारखीच दिसतात, पण आतले कोड निराळे, आणि फाइंड कोडच जुळवतं. डोळ्यांसमोर असलेली फाइल सापडत नसेल तर 'दुस*या*' असं शोधा. अशा जागी * टाकणं हाच खात्रीचा उपाय.

कॉपी झाल्यावर -एक्झेकपासून पुढचा भाग काढून त्याजागी | डब्ल्यूसी -एल (ओळी, म्हणजे इथे फायली, मोजणारी कमांड) लावा आणि दोन्हीकडचे आकडे ताडून पाहा. तरी फरक राहिला तर नावात : किंवा ? असलेल्या फायली बघा: फॅट32 फॉरमॅटच्या ड्राइव्हला ही चिन्हं चालत नाहीत, तिथे 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं. आकडे जुळल्यावर ड्राइव्ह अनमाउंट (सिस्टमपासून सुरक्षितपणे वेगळा) करा आणि मगच उपसा. तोवर काही डेटा मेमरीतच अडकलेला असू शकतो.