खुर्च्या गोल मांड

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. पुस्तकांच्या दुकानाला वर्ष होत आलं, भाडं कसंबसं निघतं, म्हणून आता दर महिन्याला एका लेखकाचा कार्यक्रम करायचा विचार आहे, असं लिहिलं आहेस. जरूर कर, पण आधी वाचनकट्टा सुरू कर, म्हणजे ठरलेलं पुस्तक वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं, अशी बैठक. नाहीतर पहिल्या कार्यक्रमाला तुझे नातेवाईक येतील, दुसऱ्याला लेखकाचे, आणि तिसऱ्याला आपण दोघंच.

आपल्याकडे ऐकायची सवय जुनी. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, मग गावोगावी तसल्या माला निघाल्या. ओळीत बसायचं, पाहुणे बोलणार, शेवटी आभार आणि चहा. वाचलेल्या पुस्तकावर चारचौघांत स्वतः तोंड उघडायचं, हे मात्र आपल्याला अवघड जातं. म्हणून कट्ट्याला खुर्च्या गोल मांड. ओळीत मांडल्यास की कोणीतरी पुढे जाऊन उभं राहणार आणि ‘थोडक्यात सांगतो’ म्हणत पाऊण तास खाणार. असे एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक गावात असतात. माणूस चांगला असतो, वाचनही दांडगं असतं. त्यांनाच वेळ सांभाळायचं काम देऊन टाक.

सुरुवात कशी करायची? ‘पुस्तक कसं वाटलं?’ असं विचारू नकोस. ‘छान आहे’ म्हणून सगळे गप्प बसतील. प्रत्येकाने आपल्याला अडलेला किंवा आवडलेला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, एवढंच ठेव. मी हे अनेकदा पाहिलं आहे: ज्या बाई तीन बैठका अवाक्षर बोलल्या नाहीत, त्या चष्मा सावरून सहा ओळी वाचतात, आणि ‘पण ही सून इथे खोटं बोलतेय’ असं आपसूक बोलून जातात. मग दोघं जण त्यांच्याशी वाद घालतात, आणि तू काही न करता कट्टा चालू होतो. पुस्तक पूर्ण न वाचता आलेल्यांनाही बसू दे. लायब्ररीतली प्रत घेऊन येणाऱ्याकडे तर अजिबात वाकडं बघू नकोस. तो पुढे दिवाळीत भाच्याला पुस्तक घ्यायला तुझ्याकडेच येतो.

पुस्तक निवडताना रुचीआधी साठा बघ. मराठी पुस्तकाची आवृत्ती संपते आणि पुढची निघायला वर्ष-दोन वर्षंही जातात. पुस्तक जाहीर करायच्या आधी प्रकाशकाला फोन करून ‘पंधरा प्रती आत्ता मिळतील का?’ हे विचार. दोन महिन्यांची पुस्तकं एकदम ठरव. पहिली दोन-तीन दीडशे पानांच्या आतली घे. जाडजूड कादंबरीने कट्टा मोडतो. वार आणि वेळ ठरली की पाऊस असो, मॅच असो, बदलायची नाही. चहा चर्चेनंतर दे आणि कपाटांपाशी दे. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त सूचनेपुरता ठेव, त्यात सुप्रभात आलं की चार लोक बाहेर पडलेच म्हणून समज. दिवाळीनंतरच्या बैठकीला एकच पुस्तक नको, प्रत्येकाने वेगळा दिवाळी अंक वाचून यायचं. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण ते विकत घेतो आणि निम्मे चाळून ठेवून देतो. त्या बैठकीला सगळ्यांकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

आता लेखकाचा कार्यक्रम. हिशोब आधी करून घे. समज, ३०० रुपयांच्या २५ प्रती खपल्या, म्हणजे ७,५०० रुपये. तुला ३० टक्के कमिशन असेल तर हातात २,२५०. त्यातून कार्यक्रमाची १० टक्के सूट, म्हणजे ७५० रुपये, गेली की १,५००. लेखकाचा प्रवास, खुर्च्यांचं भाडं, चहा... उरलं काय? तेव्हा कार्यक्रमातून भाडं निघेल ही आशा सोड. त्या संध्याकाळी पहिल्यांदा दुकानात पाऊल टाकणारा माणूस पुढच्या महिन्यात परत येतो का, हे बघ. तो यायचा तर कट्ट्यामुळेच येतो.

म्हणून कट्ट्याने वाचलेल्याच पुस्तकाच्या लेखकाला बोलाव. समोर दहा जणांनी पुस्तक वाचलेलं आहे हे लेखकाला पाचव्या मिनिटाला कळतं आणि त्याचा सूरच बदलतो. भाषण ठेवू नकोस. पार्ल्याच्या मॅजेस्टिक गप्पा पुस्तक व्यवसायातल्या माणसांनीच उभ्या केल्या, आणि तिथे मुलाखतीतून माणसाला बोलतं करतात, ते बघून ये. मुलाखत घेणारा प्राध्यापकच हवा असं नाही. पुस्तक वाचलेला आणि स्वतः कमी बोलणारा हवा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, नगरसेवकांचे दोन शब्द, हे सगळं काट. एखादे काका रागावतील, रागावू देत. लेखकाला मात्र पाकीट दे, लहान का असेना. तो रजा टाकून, एसटीने धक्के खात आलेला असतो. २७ फेब्रुवारीच्या आठवड्यात कोणाला बोलावू नकोस. मराठी भाषा गौरव दिनामुळे त्या आठवड्यात लेखकाला चार गावांची आमंत्रणं असतात आणि तुझे वाचकही वाटले जातात.

सहीचं टेबल गल्ल्यापाशी ठेव: आधी पैसे, मग सही. रांगेतल्या प्रत्येकाला आपलं नाव चिठ्ठीवर लिहायला लाव. ‘मृण्मयी’चं ‘मृण्मई’ झालं की ती प्रत परत तुझ्या गळ्यात. प्रती शक्यतो जाकडावर, म्हणजे न खपलेल्या परत करायच्या बोलीवर आण, मालासोबतच्या चलनावर परतीची मुदत लिहून घे, मुखपृष्ठावर स्टिकर लावू नकोस. आणि लेखक उत्साहात उरलेल्या गठ्ठ्यावरही सह्या करू लागला तर त्याला हळूच थांबव, पाच-सहा प्रती पुरेत. सही झालेली प्रत प्रकाशक सहसा परत घेत नाही. शिवाय भेटप्रती वाटायच्या नाहीत, हे त्याला फोनवरच सांगून ठेव. बरेच लेखक पिशवीतून दहा प्रती आणतात आणि ओळखीच्यांना देऊन मोकळे होतात, मग तुझ्याकडून कोण घेणार?

पहिल्या कट्ट्याला सहा जण आले तरी पुरे. पुस्तक कोणतं ठरवलंस ते कळव. प्रती मिळत नसतील तर इथल्या दोन-चार वितरकांना मी विचारतो.

तुझा,
काका