ग्रँड कॅनियनजवळ आरव्ही (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) फुकट लावायचीय? मग हे बघा

पार्कात कॅम्पग्राउंड सोडून कुठेही गाडीत रात्र काढता येत नाही, म्हणून साउथ रिमला (दरीच्या दक्षिण काठाला) जाताय तर टुसायन गावाला लागूनच कायबाब नॅशनल फॉरेस्ट आहे तिथे बघा, १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं पण पाणी, लाइट, संडास काही म्हणजे काही नाही. फॉरेस्ट रोडवर आधी पायी आत जाऊन या, वळवायला जागा आहे का, फांद्या छतावरच्या एसीला लागतायत का ते बघा. जुलै-ऑगस्टच्या पावसात कच्च्या रस्त्याचा नुसता चिखल होतो, तेव्हा मोठी गाडी आत घालूच नका. भांड्यांचं खरकटं पाणी पण जमिनीवर सोडायचं नाही हं, डम्प स्टेशनलाच (गाडीच्या टाकीतलं सांडपाणी रिकामं करायची जागा). उंची ७००० फुटांच्या आसपास, मे महिन्यातही रात्री गारठतं आणि हीटरचा पंखा बॅटरी खातो, चार्ज बघूनच झोपा.