वाचकांचे प्रश्न : नऊ खून, एक पिस्तूल, दोन प्रोफाइल

प्रश्न : जर्मनीतल्या ‘एनएसयू’ (‘नॅशनल सोशालिस्ट अंडरग्राउंड’ ही नवनाझी टोळी) खूनमालिकेत वंशद्वेषाची शक्यता प्रोफाइलरने (गुन्ह्याच्या खुणांवरून गुन्हेगाराचं वर्णन बांधणाऱ्या तज्ज्ञाने) आरोपी सापडण्याआधीच मांडली होती, असं वाचलं. खुनी माहीत नसताना हेतू कसा कळतो?

उत्तर : हेतूकडे सगळ्यात शेवटी वळायचं असतं. आधी घटनास्थळाचे फोटो, शवविच्छेदन आणि बॅलिस्टिक (गोळ्या-हत्याराच्या तपासणीचा) अहवाल घेऊन घटनाक्रम उभा करतात. मग बळींची माहिती. मग खुन्याचे निर्णय : काय केलं आणि करता येत असूनही काय केलं नाही. संशयितांची नावं या टीमला सांगत नाहीत. नाहीतर प्रोफाइल त्या माणसाच्या मापानेच शिवलं जातं.

इथे २००० ते २००६ मध्ये नऊ जण मारले गेले : नुरेंबर्गमध्ये तीन, म्युनिकमध्ये दोन, हॅम्बुर्ग, रोस्टॉक, डॉर्टमुंड आणि कासेलमध्ये एकेक. फुलविक्रेता, शिंपी, भाजीवाला, किल्ल्या बनवणारा. आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. एकमेकांशी संबंध कुणाचाच नाही. दिवसाढवळ्या, कामाच्या जागीच, जवळून गोळ्या. लुटीचा हेतू दिसत नव्हता. नऊही खुनांत तेच चेस्का ८३, ७.६५ मिमी पिस्तूल.

भाडोत्री मारेकरी सहसा काम झाल्यावर हत्यार फेकून देतो. तेच पिस्तूल सहा वर्षं जपणारा माणूस खून एकमेकांशी जोडले जाण्याची फिकीर करत नाही, किंवा त्याला तेच हवं असतं. शिवाय टोळीचा वाद असता तर धमक्या, उधारी, फोन यांचा माग कुठेतरी लागलाच असता. बव्हेरिया राज्याचे प्रोफाइलर अलेक्झांडर हॉर्न यांच्या टीमने २००६ मध्ये टोळीच्या शक्यतेसमोर दुसरी शक्यता ठेवली : तुर्कांचा द्वेष करणारा, कदाचित अतिउजव्या वर्तुळातून आलेला गुन्हेगार. बळी हा ‘कोण’ म्हणून नव्हे, ‘कसा दिसतो’ म्हणून निवडला जातोय, हा त्यातला कळीचा मुद्दा. ग्रीक माणूसही त्यात बसतो. तो बहुधा तुर्क समजूनच मारला गेला.

प्रश्न : मग २०११ पर्यंत खुनी सापडले का नाहीत?

उत्तर : कारण तपास बळींच्याच घरात घुटमळत राहिला. तपासपथकाचं नावच ‘बोस्पोरुस’, म्हणजे इस्तंबूलची सामुद्रधुनी. ड्रग्ज, खंडणी, कौटुंबिक भानगडी यांवरून नातेवाइकांना वर्षानुवर्षं छळलं गेलं. माफिया वसुलीला येईल म्हणून पोलिसांनी स्वतः कबाबची टपरीसुद्धा चालवून पाहिली! जबाबदारी घेणारं पत्रक नाही, म्हणजे अतिउजवे नाहीत, असाही युक्तिवाद झाला. २००७ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात दुसरं प्रोफाइल झालं. त्यात म्हटलं होतं, माणूस मारणं आपल्या संस्कृतीत निषिद्ध आहे, तेव्हा गुन्हेगार इथल्या मूल्यांच्या बाहेरचाच असणार. हे विश्लेषण नव्हेच, हा पूर्वग्रह आहे. त्यातलं काहीही घटनास्थळावरून निघालेलं नाही.

हॉर्न यांच्या प्रोफाइलमध्येही एक चूक होती. नुरेंबर्गला तीन खून झाले म्हणून खुन्याचा ठिय्या तिथला धरला गेला, आणि अतिउजव्यांची नावंही त्या भागापुरतीच तपासली गेली. खुनी प्रत्यक्षात पूर्वेकडे, झाक्सन (सॅक्सनी) राज्यात राहत होते आणि भाड्याच्या गाड्यांतून लांब जाऊन मारत होते. भौगोलिक विश्लेषण घराभोवती फिरणाऱ्या गुन्हेगाराला पकडतं, प्रवास करून येणाऱ्याला नाही. त्यांचे बँक-दरोडे मात्र पूर्व जर्मनीतच पडत होते, पण ते आणि खून एका नकाशावर कुणी आणलेच नाहीत. कोलोनचंही तेच. २००४ मध्ये तिथल्या तुर्की वस्तीत त्यांचाच खिळ्यांचा बॉम्ब फुटला, २२ जखमी झाले. कॅमेऱ्यात सायकलवाले दोन पुरुष दिसले. २००५ च्या नुरेंबर्ग खुनातही साक्षीदारांनी सायकलवाले दोघे पाहिले होते. तरीही तपास वेगळेच राहिले.

प्रश्न : प्रोफाइलवरून शिक्षा होऊ शकते का?

उत्तर : नाही. ४ नोव्हेंबर २०११ रोजी आयझेनाखच्या बँक-दरोड्यानंतर टोळीतले मुंडलोस आणि ब्योनहार्ट कॅम्परमध्ये (राहण्याची सोय असलेल्या गाडीत) मृत सापडले. त्याच दिवशी झ्विकाऊमधलं त्यांचं घर टोळीतलीच तिसरी, झ्शेपे, हिने पेटवलं. त्या ढिगाऱ्यातून चेस्का निघालं. झ्शेपेला २०१८ मध्ये जन्मठेप झाली, त्यामागे अशा पुराव्यांचं बळ होतं. प्रोफाइलचं काम तपास कुठे लावायचा हे सुचवणं, एवढंच. म्हणून प्रोफाइल हाती आलं की प्रत्येक वाक्यापुढे दोन गोष्टी मागाव्यात : हे कशावरून, आणि काय सापडलं तर हे खोटं ठरेल? ‘तिशीतला, एकलकोंडा, शिस्तप्रिय’ असं वर्णन निम्म्या शहराला लागू पडतं; ते सरळ परत पाठवावं.