‘अक्सर इलाज’ नव्हे हो, अक्सीर!

प्रश्न: आजोबांच्या पेटीत मलमाची पत्र्याची रिकामी डबी सापडली. तिच्यावर छापलंय, ‘माणसांच्या व जनावरांच्या जखमांवर अक्सीर पेटंट औषध’. हे ‘अक्सर’ हवं होतं का? आणि पेटंट म्हणजे सरकारमान्य का?

उत्तर: छापणाऱ्याचं काहीही चुकलेलं नाही. चुकतंय ते आजच्यांचं. आठवडी बाजारातल्या भोंग्यावर, मोबाइलवरच्या चित्रफितींत, एवढंच काय, छापील आरोग्य सदरांतसुद्धा ‘मूळव्याधीवर अक्सर इलाज’ वाचून कान किटले आणि डोळेही. ‘अक्सर’ हा हिंदी-उर्दूतला शब्द, अर्थ ‘बहुतेक वेळा’. म्हणजे ‘अक्सर इलाज’ झाला ‘बहुधा लागू पडेल, नाही पडला तर बघू’ असा इलाज. विकणारा नकळत खरं बोलून जातो, ते सोडा. पण हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. अरबीत त्यांतले ‘स’सुद्धा वेगळे: अक्सरमध्ये ‘से’, अक्सीरमध्ये ‘सीन’. ‘अक्षय’पासून ‘अक्सीर’ काढणारेही भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जाऊ.

अक्सीर म्हणजे हमखास गुण देणारं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मजा पुढे आहे. मूळ शब्द ग्रीक, ‘झेरिऑन’: जखमेवर भुरभुरायची कोरडी पूड. ‘झेरॉस’ म्हणजे कोरडा. अरबांनी त्याचा ‘इक्सीर’ केला आणि किमयागारांच्या हाती दिला. तांब्याचं सोनं करणारी जी पूड ते शोधत होते, तिचं नाव इक्सीर. तिथून फारसीमार्गे तो आपल्याकडे आला. युरोपने मात्र शब्द उचलताना अरबीतलं ‘अल्’ हे उपपदही गिळलं, म्हणून त्यांचा झाला ‘एलिक्झिर’. आपली ‘किमया’ आणि त्यांची ‘अल्केमी’ यांचीही तीच कथा. याबाबतीत आपण जास्त स्वच्छ खाणारे.

आता त्या ‘झेरॉस’चा दुसरा नातू बघा. छायाप्रतीच्या यंत्राआधी नकला काढायला ओली रसायनं लागत. नव्या रीतीत ती लागत नाहीत, म्हणून तिला नाव दिलं ‘झेरोग्राफी’, कोरडं लेखन. त्यावरून झेरॉक्स. तेव्हा तहसील कचेरीसमोरची झेरॉक्सची टपरी आणि तुमच्या आजोबांची डबी ही सख्खी चुलत भावंडं आहेत. हे कळल्यापासून मला सातबाऱ्याची प्रत काढायलाही कंटाळा येत नाही.

इथे एका मोठ्या कोंडाळ्याशी माझं भांडण आहे. इंग्रजी कोश मांडीवर घेऊन बसलेले आमचे अनुवादक ‘एलिक्झिर’ दिसला की ‘संजीवनी’ किंवा ‘अमृत’ लिहितात आणि वर ‘अक्सीर म्हणजे तेच’ असं ठोकून देतात. अजिबात नाही. एलिक्झिर पुढे ओला झाला. औषधनिर्मितीत आज एलिक्झिर म्हणजे गोड केलेलं, बहुधा मद्यार्क असलेलं पातळ औषध. मराठीतला अक्सीर कोरडाच राहिला, असं माझं ठाम मत आहे. तो कुणाला अमर करायला जात नाही. तो खरूज, नायटा, गजकर्ण अशा नेमक्या गोष्टींवर चालतो. बैलाच्या खांदेसुजेची जखम झाली की तिच्यावर हळद दाबतात, जखमेत आसडी, म्हणजे अळ्या, पडली की सीताफळाचा पाला वाटून भरतात. जखमेवर काहीतरी थापायचं आणि ती सुकवायची, हे ग्रीक झेरिऑनचंच काम. गोठ्याने जो अर्थ सांभाळला तो विद्वानांनी घालवला. पुरावा म्हणाल तर तुमची डबी! (मलम कोरडं नसतं हे मला कळतं. मुद्दा जखमेचा आहे.)

कोरड्याचं ओलं होण्यावरून अमृतधारा आठवली. लाहोरच्या पंडित ठाकुर दत्त शर्मांचं हे औषध, फाळणीआधी घरोघर गेलेलं. घरी करून बघायचं असेल तर कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल असे तीन कोरडे खडे एका बाटलीत घाला आणि बूच लावून ठेवा. पाण्याचा थेंब न घालता थोड्या वेळात खडे विरघळून पातळ तेलासारखं द्रव्य होतं. मिश्रणाचा वितळणबिंदू घटकांपेक्षा खाली येतो, एवढंच कारण. पण झेरिऑनचं एलिक्झिर होताना डोळ्यांनी बघायचं असेल तर ते इथे.

या अमृतधारेचं ‘लक्ष्मणधारा’ नावाच्या औषधाशी भांडण लागलं आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६२ च्या निकालात न्यायालयाने ही दोन नावं फसगत होण्याइतकी सारखी ठरवली. का, तर बेताच्या आठवणीचा साधा गिऱ्हाईक नावाची फोड करून व्युत्पत्ती बघत बसत नाही! कायद्याच्या दृष्टीने असेल बरोबर. पण मला हा आमच्या अख्ख्या जमातीचा अवमान वाटतो. अमृत कुठे, लक्ष्मण कुठे? एक समुद्रमंथनातून आलं, दुसऱ्यासाठी द्रोणागिरी आणावा लागला.

‘रामबाण’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून सोडतो.

हां, पेटंट. सरकारमान्यतेशी त्याचा संबंध नाही. लॅटिनमध्ये मूळ अर्थ ‘उघडा’. इंग्लंडच्या राजाची उघडी सनद, सगळ्यांनी वाचावी अशी, ते पेटंट. खऱ्या पेटंटसाठी कृती जाहीर करावी लागते आणि ठरावीक वर्षांनी ती सगळ्यांची होते. तसल्या डब्या विकणाऱ्या बहुतेकांना नेमकं तेच नको होतं. कृती गुपित, फक्त नाव राखीव. आपल्या १९४० च्या औषध कायद्यातही ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी मेडिसिन’ अशी संज्ञा आहे, आणि तिच्यात मोडायला औषधावर पेटंट असावं लागत नाही. तुमच्या डबीच्या बुडाशी घटक छापलेत का, तेवढं बघून कळवा.